वाशीम ते मानोरा : एका फिरत्या पेटीसोबत

वाशीमच्या बसस्थानकावर मंगरूळपीरची गाडी लागली की मी आधी पेटी चढवते आणि मग स्वतः चढते. पेटी फार मोठी नाही. शिलाईचे सामान ठेवायला घरोघरी असतो तसा पत्र्याचा डबा. आत एक हार्ड डिस्क, दोन पेनड्राइव्ह, वायरींचे भेंडोळे, एक छोटा स्पीकर आणि लाल कापडी पाठीचे रजिस्टर. कंडक्टरने एकदा विचारलेच, "मॅडम, मशीन हाय का यात?" मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट लागते. पेटीचे काहीच लागत नाही.

आमची शाळा सकाळ पाळीची. साडेबाराला सुटली की निघायचे, म्हणजे दुपार पाळीच्या शाळा भरलेल्या असतानाच पुढच्या गावी पोचता येते. पेटीत शाळेत दाखवायच्या शैक्षणिक फिल्म आहेत आणि त्या सात शाळांच्या मिळून आहेत. चार मराठी, दोन उर्दू आणि एक तांड्यावरची. सरकारी आदेश नाही, अनुदान नाही, नोंदणीही नाही. ओळखीच्या शिक्षकांनी आपापसांत ठरवलेली ही गोष्ट आहे. प्रत्येक शाळेने आपल्याकडचे काहीतरी पेटीत घालायचे, पेटी दहा दिवस ठेवायची आणि पुढच्या शाळेला नेऊन द्यायची. रजिस्टरमध्ये लिहायचे ते एवढेच : कोणती फिल्म दाखवली, किती मुलांनी पाहिली, कुठे थांबवून समजावून सांगावे लागले.

आपल्या वाचकांना ही रीत नवीन वाटू नये. मोहल्ल्यात लग्न निघाले की जमातीकडून देग येते, कफगीर येते, सतरंज्या आणि ताटे येतात. कोणी प्रत्येक लग्नाला नवी देग विकत घेत नाही. ज्याच्या घरी कार्य असेल तो वहीत सही करतो, वापरतो, घासूनपुसून परत करतो, आणि देगीला पोचा पडला तर दुरुस्तीचे पैसे देतो. वही सांभाळणारा माणूस बहुधा कडक स्वभावाचा असतो आणि तो तसा असतो म्हणूनच देग तीस-तीस वर्षे टिकते. शाळांमध्ये मात्र आम्ही प्रत्येक जण आपापली देग कपाटात कुलूपबंद करून बसलेलो असतो. एका शाळेत प्रोजेक्टर आहे, पण दाखवायला काही नाही. पलीकडच्या शाळेत चांगल्या फिल्म आहेत, पण प्रोजेक्टरचा दिवा गेला म्हणून दोन वर्षे धूळ खात पडला आहे.

वाशीम हे जिल्ह्याचे ठिकाण झाले ते १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात होतो आणि कागद घेऊन अकोल्याला जाण्यात माणसांचे दिवस जात. पण गाव फार जुने. याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले, असे तिथला शिलालेखच सांगतो. आमच्या मुलांची सहल अजिंठ्याला गेली की मी त्यांना हे आवर्जून सांगते. अंधाऱ्या खोलीत, भिंतीवर, चित्रांमागून चित्रे लावून गोष्ट सांगायची, ही कला ज्यांच्या आश्रयाने तिथे बहरली त्यांची गादी आपल्या गावात होती. मुले खूश होतात आणि लगेच विचारतात, "आपा, मग त्यांचा वाडा कुठंय?" तो काही दाखवता येत नाही.

याच गावातल्या एका जुन्या हायस्कूलच्या कपाटात मी पहिल्यांदा सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर पाहिला. भक्कम, लोखंडी, उचलायला दोन माणसे हवीत. प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक काका तो अजून अधूनमधून पुसतात. त्यांनी मला रीळ हातात देऊन सांगितले की चारशे फुटांचे एक रीळ अकरा मिनिटे चाले. फिल्मच्या कडेची भोके फाटली की चित्र उड्या मारू लागे. मग ब्लेडने तेवढा तुकडा कापून जोड द्यायचा. "प्रत्येक जोडात फिल्मचा थोडा जीव जायचा," काका म्हणाले. अकरा मिनिटांचा हिशेब मला फार आवडला. पस्तीस मिनिटांच्या तासात अकरा मिनिटे पाहायचे आणि उरलेल्या वेळात बोलायचे. आजच्या फिल्म पाऊण पाऊण तास चालतात, आणि मुलांना बोलायला काही उरत नाही.

ते डबे कुठून येत? काही मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचे. ही सरकारी संस्था १९४८ साली निघाली आणि माहितीपट करत राहिली. दिल्लीत एनसीईआरटीकडे मध्यवर्ती फिल्म लायब्ररी होती, ती सभासद शाळांना सोळा मिलिमीटरच्या फिल्म उसन्या देत असे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथूनही फिल्म सोसायट्यांना आणि शिक्षणसंस्थांना रिळे उसनी मिळू लागली. म्हणजे पुस्तकासारखी फिल्मही उसनी मिळते, ही कल्पना आपल्या देशात जुनी आहे. अडचण होती ती अंतराची. दिल्लीहून निघालेला डबा वऱ्हाडातल्या शाळेत यायचा, तोवर तो धडा शिकवून संपलेला असायचा.

यावरचा उपाय कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालातच सांगितला होता. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, मराठी माणूस आणि खेड्यातल्या शिक्षणाची नाडी जाणणारा. आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली : मधोमध एक माध्यमिक शाळा, आसपासच्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या. प्रत्येक प्राथमिक शाळेला प्रोजेक्टर देणे परवडणार नाही, पण मधल्या शाळेला एक प्रोजेक्टर आणि हलवता येईल असा जनरेटर दिला तर तो पाळीपाळीने सगळ्या शाळांत फिरवता येईल. पुस्तकांचेही तसेच. शिक्षण पदविकेला आणि बीएडला आम्ही या अहवालावर टिपा लिहितो, पाच गुण मिळवतो आणि विसरतो. पुढे १९९४ नंतर महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र जमतात. २०२० च्या नव्या राष्ट्रीय धोरणातही शाळा संकुल पुन्हा आले आहे. रचना सगळी आहे. तिच्यातून कागद आणि माहितीचे तक्ते भराभर फिरतात. प्रोजेक्टर तेवढा फिरत नाही, कारण फुटला-तुटला तर भरपाई कोण करणार, ही भीती प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात असते. ती भीती खोटी नाही. डेडस्टॉक रजिस्टरला ज्याची सही, त्याच्याच पगारावर वसुली येते.

म्हणून आम्ही यंत्र फिरवत नाही, फिल्म फिरवतो. यंत्र ज्याचे त्याच्याकडे.

मंगरूळपीरला उतरले की आधी दर्ग्याची दिशा नजरेत येते. हजरत हयात कलंदर यांचा हा दर्गा, आणि गावाच्या नावातला 'पीर' त्यांच्यामुळेच. अमरावतीकडच्या मंगरूळला 'दस्तगीर' जोडलेले आहे, म्हणजे दोन्ही मंगरुळांना बुजुर्गांच्या नावांनीच वेगळे ओळखायचे. गुरुवारी इथे सगळ्या जातिधर्माची माणसे दिसतात. चादरीची दुकाने आणि भज्यांची गाडी एकमेकांना खेटून.

तालुक्यातल्या एका गावात मराठी आणि उर्दू शाळा एकाच भिंतीने जोडलेल्या आहेत. भिंत कमरेएवढी. मुले मधल्या सुट्टीत तिच्यावर बसून बोरे वाटून खातात, पण शिक्षक तीवरून क्वचितच बोलत. मराठी शाळेने लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेतला होता. उर्दू शाळेत टीव्ही नव्हता. आमची पेटी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा मराठी शाळेच्या सरांनीच भिंतीपलीकडे हाक दिली, "पोरं पाठवा, आमच्या वर्गात जागा आहे." साठ मुले एका वर्गात, पुढचे सतरंजीवर, मागचे खिडकीत.

फिल्म सर्पदंशावरची होती आणि तिचे निवेदन मराठी होते. मी आवाज बारीक केला आणि पडद्याजवळ उभी राहून उर्दूत सांगू लागले. आपल्याकडचे चार विषारी साप : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. या चौघांवरही एकच लस चालते, आणि ती मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होते. चावल्यावर काय करायचे नाही, तेच जास्त सांगावे लागते. घट्ट आवळून बांधायचे नाही, ब्लेड मारायचे नाही, तोंडाने ओढायचे नाही, मांत्रिकाकडे न्यायचे नाही. हातपाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना.

त्या दिवशी मोहल्ल्यातले एक चाचा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी आधी तक्रारीच्या सुरातच विचारले, "आपा, सुना के स्कूल में पिच्चर दिखाते?" त्यांच्या मनात सिनेमा होता. हा आक्षेप मी अनेक ठिकाणी ऐकला आहे आणि मला तो हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. घरातल्या मोबाइलवर काय काय येते ते पाहिलेल्या माणसाने शाळेला हा प्रश्न विचारायलाच हवा. मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटले, चाचा, बसा, पाहा आणि मग सांगा. मण्यारचा भाग आला. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, जागा फारशी दुखत नाही, सूजही दिसत नाही, आणि थोड्या वेळाने माणूस पोटात दुखते म्हणतो. चाचा खुर्चीत पुढे सरकले. फिल्म संपल्यावर ते बराच वेळ उठले नाहीत. मग मुले बाहेर गेल्यावर म्हणाले, भावाची मुलगी होती. पावसाळ्यात, पहाटे पोटात दुखते म्हणून उठली. ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. "साप का किसी को ध्यान में ही नहीं आया."

त्यांनी तीच फिल्म इशानंतर मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांसाठी मागितली. ते आमच्या नियमात बसत नव्हते. मराठी शाळेचे सर म्हणाले, नियम आपणच केलाय की. टीव्ही शाळेच्या ओट्यावर आणला. सोयाबीन सोंगणीला जाणारी माणसे आणि निंदणाला जाणाऱ्या बाया, मुसलमान, मराठा, बौद्ध सगळे होते. रजिस्टरमध्ये त्या दिवशीच्या नोंदीत मुलांच्या रकान्यात 'साठ' आहे आणि शेरा रकान्यात सरांनी लिहिले आहे : पालकांनी दोनदा पाहिली.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सगळे मोबाइलवर मिळते. मिळते हे खरे. पण मोबाइल कोणाचा? आमच्या वर्गातल्या बहुतेक घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो अब्बांच्या खिशात सकाळी घराबाहेर पडतो. संध्याकाळी परत आला की आधी भावाच्या हातात जातो. मुलीची पाळी येते तेव्हा डेटा संपलेला असतो किंवा अम्मीला वाटते की मुलीच्या हातात फोन नको. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा हे आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिले. त्या काळात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागे आणि ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना तिचा आधार झाला. पण ती मराठीत. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून मुलांसाठी कार्यक्रम करत होती, ती २०१७ साली बंद पडली. केंद्र सरकारच्या दीक्षा ॲपवर पुष्कळ काही आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की धड्याचे चित्रण समोर येते. तिथेही आधी फोन लागतोच. फिल्म शाळेत दाखवली तर मागच्या बाकावरची मुलगीही तेवढीच पाहते जेवढे सरपंचाचा मुलगा पाहतो.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी चांगल्या फिल्म कमी आहेत. ही तक्रार मी बैठकांमध्ये करून थकले. मराठीत प्रकाशसंश्लेषण, उर्दूत जियाई तालीफ. दोन्ही शब्द मुलांच्या घरी कोणी बोलत नाही, तरी आपल्या पुस्तकातला शब्द पडद्यावरून ऐकू आला की मूल सावरून बसते. म्हणून पेटीतल्या काही फिल्मना आम्ही उर्दू निवेदन जोडायला घेतले. शिक्षकांनी मजकूर लिहायचा आणि नववीच्या मुलींनी वाचायचा. वर्गाची खिडकी बंद, पंखा बंद, बाहेर शिपाईदादा मुलांना गप्प करत उभे. एका मुलीचे वडील आधी नाही म्हणाले. चेहरा येणार नाही, फक्त आवाज, असे समजावल्यावर कबूल झाले. नंतर तेच येऊन पूर्ण फिल्म पाहून गेले आणि मुलीने 'मेदा' हा शब्द घाईत उच्चारला म्हणून तिला तिथेच टोकले. पोटाच्या या शब्दावरून मग बापलेकींत बराच वाद झाला. फिल्म अर्थात पचनसंस्थेवरची होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुष्कळ शिक्षक विचारतात. विकत घेतलेला, एका शाळेपुरताच परवाना असलेला कोणताही संच आम्ही पेटीत घेत नाही. कोणाच्या मेहनतीची वस्तू फुकट वाटून आपण सवाब मिळवतो असे समजणे बरे नाही. मोफत वापरासाठी खुल्या ठेवलेल्या फिल्म पुष्कळ आहेत आणि शिक्षकांनी स्वतः केलेल्या आणखी. पेटीतली वस्तू अमानत आहे. ती पोचवताना पेनड्राइव्ह आधी तपासायचा, कारण दोनदा असे झाले की शाळेतल्या संगणकातला व्हायरस शिरला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसले. एका शाळेने तर पेटी दोन महिने अडकवून ठेवली होती. तिचे नाव सांगत नाही. त्यानंतर रजिस्टरमध्ये 'कोणाकडून आणायची' ऐवजी 'कोणी नेऊन द्यायची' असा रकाना केला. एवढ्या बदलाने पेटी वेळेवर फिरू लागली.

कारंजा आणि मानोरा एका दुपारीत होत नाहीत. त्यासाठी किरकोळ रजा टाकावी लागते. मंगरूळपीरहून कारंजाकडे जाताना हिवाळ्याच्या तोंडाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुललेली असते आणि कापूस वेचणाऱ्या बाया ओळीने दिसतात. मध्येच समृद्धी महामार्ग आडवा येतो. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून नागपूरच्या गाड्या सुसाट जातात. एसटी आपली खालून.

कारंजा लाड हे व्यापाराचे गाव. भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार इथे १८८६ साली भरला, हे गावातल्या लहान मुलांनाही ठाऊक असावे असे मला वाटते, पण मोठ्यांनाही नसते. वजन-मापाचा आणि दलालीचा नियम ठरवून, सगळ्यांनी एकाच जागी येऊन व्यवहार करायचा ही कल्पना इथल्या मातीत तेव्हापासून आहे. दुसरी ख्याती जैन हस्तलिखितांची. इथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत शेकडो वर्षांच्या पोथ्या जपून ठेवल्या होत्या. अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९२० च्या दशकात त्या अभ्यासल्या आणि पुढे त्यांतले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ कारंजाच्याच नावाने छापले गेले. कोणीतरी नक्कल करून ठेवली, कोणीतरी ती सांभाळली, आणि कोणीतरी परक्याला ती उघडून दाखवली. या तिघांतले एकही नसते तर ते ग्रंथ आज कोणाला माहीत नसते. मला तिसऱ्या माणसाचे विशेष कौतुक वाटते.

कारंजातल्या एका मराठी शाळेने पेटीत जे घातले ते सगळ्यात वेगळे आहे. त्यांनी फिल्म स्वतःच काढली. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे रोज थोडी थोडी घेत एक छोटी फिल्म केली. अंकुर फुटतो, वेल वर चढते, सगळे डोळ्यांदेखत. ती पाहूनच भांडवल देणारा त्यांना मिळाला. म्हणजे आपल्या देशातल्या सिनेमाच्या आरंभीच एक विज्ञानाची फिल्म आहे, आणि ती मुकी आहे. कारंजाच्या सरांनी ही गोष्ट सातवीला सांगितली आणि मुलांनी वाटाण्याऐवजी हरभरा घेतला. फोन कोणाचा अडकवून ठेवायचा हा मोठा प्रश्न होता. शेवटी काच तडकलेला एक जुना फोन मिळाला. तो स्टुलाला सुतळीने बांधला, खाली विटा ठेवल्या, आणि दर तासाला एक फोटो घेईल असे लावले. नऊ दिवस. रात्रीसाठी वर दिवा. लोडशेडिंगमध्ये दिवा गेला की तेवढे फोटो काळे आले. त्यामुळे चाळीस सेकंदांच्या त्या फिल्ममध्ये हरभरा वाढता वाढता मध्येच डोळे मिटतो. सरांनी ते काळे तुकडे कापायचे ठरवले होते. मुलांनी कापू दिले नाहीत. सायकलवर येणाऱ्या एका मुलाचे म्हणणे, "सर, लाइट गेली तवाही तो वाढतच होता ना."

याच तालुक्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. आमच्या मुलांनी पडद्यावर आफ्रिकेतला सिंह वीसदा पाहिला असेल, पण बसने तासाभरात गाठता येणारा काळवीट पाहिला नव्हता. तो पुढचा विषय म्हणून रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे.

मानोरा तालुक्यात आले की भाषा बदलते. इथे बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि पोहरादेवी हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांचे. रामनवमीला तिथे लाखोंनी माणसे येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा संस्कृतीचे मोठे संग्रहालयही तिथे उघडले. तांड्यावरच्या शाळेत शिकवायची भाषा मराठी, पण पहिलीत येणारे मूल घरून गोरमाटी घेऊन येते. पहिल्या वर्षी गुरुजी बोलतात ते त्याला निम्मेच कळते. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरी एक भाषा, पुस्तकात दुसरी आणि बाजारात तिसरी, हे ओझे आमची उर्दू शाळेतली मुलेही वाहतात. दिवाळीनंतर काही घरे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात. त्यामुळे मी गेले तेव्हा पट बत्तीसचा आणि हजर एकोणीस.

त्या एकोणीस जणांना गुरुजींनी आधी निवेदन असलेली फिल्म लावली. मुले पाहत होती, पण गप्प. मग हरभरा लावला. त्यात कोणतीच भाषा नाही. अंकुराने माती वर उचलली आणि एकदम वर्ग बोलू लागला. सगळे गोरमाटीत. काळा तुकडा आला की सगळे ओरडत आणि चित्र परत आले की टाळ्या. गुरुजींनी पाच वेळा लावली. ते स्वतः बंजारा, मला मराठीत सांगत होते : हा म्हणतो पाणी जास्त झालं, ही म्हणते आमच्याकडे असा हरभरा डोंबाऱ्यासारखा उलटा उभा राहत नाही, आधी मूळ खाली जातं. मूळ काचेआड दिसत नव्हते, कारण कारंजाच्या मुलांनी साधा डबा वापरला होता. तो शेरा रजिस्टरमध्ये गुरुजींनी त्या मुलीच्या नावाने लिहिला आणि पुढच्या वेळी काचेच्या बरणीत कडेला बी लावावे, अशी सूचनाही. कारंजाच्या मुलांना ते वाचून दाखवायचे माझ्याकडे लागले.

या जिल्ह्यासाठी फिल्म निवडताना आता आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो : आवाज बंद केला तर काय उरते? ज्यात काही उरत नाही, ती फिल्म म्हणजे पडद्यावर वाचलेले पुस्तक. अशा पुष्कळ आहेत आणि त्या आम्ही हळूहळू काढून टाकत आहोत. हार्ड डिस्क हलकी होत चालली आहे.

निघताना तांड्यावरच्या मुलांनी समुद्राची फिल्म मागितली. कारण गावातली दोन कुटुंबे मुंबईला कामाला गेली आहेत आणि तिथे घराजवळ समुद्र आहे असे फोनवर सांगतात. समुद्राची फिल्म पेटीत नव्हती. रजिस्टर उघडून पाहिले तर ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर होती, आणि तो पेनड्राइव्ह मालेगावच्या शाळेकडे, गुरुवारपर्यंत. मालेगावहून मेडशी, तिथून रिसोड, आणि मग मानोरा, असा त्याचा क्रम लागला होता. गुरुजींनी फोन लावून क्रम बदलून घेतला. रिसोडचे सर कबूल झाले, पण एका अटीवर : हरभरा आधी त्यांना.